उन्हात वाळत घातलेले फोटो

मे महिन्यातल्या एका दुपारी मी गच्चीवर काचेच्या चार चौकटी उन्हात मांडून, हातात घड्याळ घेऊन उभा होतो. शेजारच्या गच्चीवर कुरडया राखत बसलेल्या मावशी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारले, "काय वाळत घाली राह्यना रे भाऊ? पापड शेतस का?" मी फोटो छापतो आहे असे सांगितल्यावर त्यांनी आकाशाकडे पाहिले, मग चौकटींकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत माझ्या कामाला पापड हेच नाव पडले आहे. ज्यांना उन्हाने फोटो छापण्याच्या या कामाबद्दल खरोखर कुतूहल आहे त्यांच्यासाठी ते नीट लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

माझी सुरुवात जळगावातल्या एका जुन्या स्टुडिओत झाली. बारावीनंतर मी तिथे डार्करूममध्ये मदतनीस म्हणून लागलो. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि भिंतीवर हार घालून टांगण्यासाठी मोठे करून दिलेले दिवंगत आजोबांचे चेहरे, एवढाच तिथला व्यवसाय होता. मालकांना आम्ही सारे आबा म्हणत असू. शिसपेन्सिलीला सुईसारखे टोक काढून निगेटिव्हवरच्या चेहऱ्यातले वण आणि डाग बुजवण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठे करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राच्या, उजेडात हाताची बोटे अशी काही हलवीत की नवरीचा चेहरा उजळ उतरे आणि मागच्या मंडपातला गोंधळ आपोआप अंधारात जाई. चेहऱ्यावर हाताची सावली किती सेकंद धरायची, हे त्यांना आकडे न मोजता कळत असे. फोटो काढणे आणि फोटो छापणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याच्या तोडीचे, किंबहुना काकणभर सरसच आहे, हे मी तिथे शिकलो.

त्याच काळात मी चाळीसगावला केकी मूस यांचे घर पाहायला गेलो. मुंबईत १९१२ साली जन्मलेल्या या पारशी कलावंताने आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या त्या घरात काढली, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. खान्देशात त्यांचे नाव निघाले की पंजाब मेलची गोष्ट हमखास निघते: मुंबईहून त्या गाडीने यायचे वचन देणाऱ्या प्रेयसीची वाट पाहत त्यांनी घर सोडले नाही, अशी ती गोष्ट. मला तिचा मनस्वी कंटाळा आला आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यामुळे माणसे त्या घरात एक विरही प्रेमिक पाहायला जातात आणि भिंतीवरच्या छायाचित्रांसमोरून भरभर पुढे सरकतात. टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर उजेड असा टाकायचा की पाहणाऱ्याला त्यात दूरदेशीचे विस्तीर्ण निसर्गदृश्य दिसावे, या प्रकारात मूस यांचा हातखंडा होता. टेबलटॉप फोटोग्राफी या नावाने तो ओळखला जातो. एका खोलीत, एका टेबलाएवढ्या जागेत आयुष्यभर पुरेल इतके काम असते, हे मी त्या घरात पाहिले. मुंबईला जाऊन जाहिरातींचे फोटो काढण्याचा माझा बेत तिथून परतताना गाडीतच गळून पडला. घरच्यांनी मात्र हा निर्णय माझ्या आळसाच्या खात्यावर मांडला.

पुढे डिजिटल कॅमेरे आले, रंगीत लॅबची यंत्रे आली आणि आबांनी डार्करूमची खोली झेरॉक्सच्या यंत्रासाठी मोकळी केली. एन्लार्जर, चार ट्रे आणि लाल दिवा एवढे सामान मी किरकोळ किमतीत घरी आणले. दिवसा लग्नाचे काम करायचे आणि रात्री घरच्या न्हाणीघरात ब्रोमाइड कागदावर स्वतःचे कृष्णधवल छापे काढायचे, असा क्रम मी पाच-सहा वर्षे चालवला. हिवाळ्यात तो उत्तम चाले. उन्हाळ्यात मात्र खान्देश काय चीज आहे ते कळे.

कृष्णधवल कामासाठी डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान साधारण २० अंश सेल्सिअस धरतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्री दहा वाजतासुद्धा हाताला चटका देते. मी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणत असे, तिचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडत असे, कारण बर्फ थेट टाकला तर वितळून रसायन पातळ होते. डेव्हलपर अशा रीतीने कसाबसा २४ अंशांवर आणावा, तर धुण्याचे पाणी ३८ अंशांचे. फिल्मवरचा जिलेटिनचा थर ऊन पाण्यात फुगतो आणि मऊ पडतो. तापमानात एकदम मोठा फरक झाला की तो आकसून त्याला बारीक सुरकुत्या पडतात. एका मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काढलेले सहा रोल मी असे घालवले. निगेटिव्ह उजेडात धरले तर प्रत्येक चेहऱ्यावर कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातीसारखे भेगांचे जाळे उमटलेले होते. त्या माणसांकडे परत जाऊन पुन्हा उभे राहा म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. ते निगेटिव्ह अजून एका वहीत ठेवलेले आहेत.

या ऊन्हाशी भांडत बसण्यापेक्षा त्यालाच कामाला लावावे, हा विचार एका जुन्या पद्धतीची माहिती वाचताना सुचला. सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली सायनोटाइप ही पद्धत शोधली. तिला एन्लार्जर लागत नाही आणि काळोखी खोलीही लागत नाही. एक साधी, मंद पिवळ्या दिव्याची खोली, ऊन आणि पाणी एवढ्यावर तिचे भागते. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळाचे नमुने अशा कागदावर थेट ठेवून त्यांचे निळे छापे काढायला आरंभ केला. इंजिनियरांच्या नकाशांच्या नकला पुढे कित्येक वर्षे याच पद्धतीने निघत, म्हणून त्यांना ब्ल्यू प्रिंट हे नाव पडले. विकासाची ब्ल्यू प्रिंट तयार असल्याचे आपल्या वर्तमानपत्रांत दर आठवड्याला छापून येते, तो हाच शब्द.

रसायने दोनच. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट हे एक द्रावण, आणि तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड हे दुसरे. ही द्रावणे वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवतात आणि कामाच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळून कागदावर ब्रशने पसरवतात. ऊन्हातले अतिनील किरण लोहाच्या क्षाराचे रूप बदलतात, मग दोन्ही रसायने एकत्र येऊन प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य कागदाच्या धाग्यांतच तयार होते. जिथे ऊन पोचले नाही तिथले रसायन पाण्यात विरघळून निघून जाते. सांगायला हे इतके सोपे आहे की शाळेतल्या मुलांकडूनही करून घेता येते, आणि म्हणूनच बरेच लोक ते एकदा करून सोडून देतात. निळा कागद पहिल्याच दिवशी तयार होतो. त्या निळ्यात काळसर सावलीपासून पांढऱ्या ढगापर्यंतच्या सगळ्या छटा आणायला मला तीन उन्हाळे लागले.

छापा निगेटिव्हएवढाच निघतो, कारण निगेटिव्ह कागदावर प्रत्यक्ष टेकवून काचेच्या चौकटीत ठेवावे लागते. तेव्हा १२ इंचांच्या छाप्यासाठी १२ इंचांचे निगेटिव्ह हवे. ते मी आता संगणकावर तयार करून पारदर्शक फिल्मवर इंकजेट प्रिंटरने काढतो. डिजिटलने माझी डार्करूम घालवली आणि डिजिटलनेच मला ही वाट उघडून दिली, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मी गमावून बसलो आहे. चौकटीच्या पाठीमागची फळी मधोमध बिजागरीने जोडलेली असते. अर्धी बाजू उघडून, कागद न हलवता, छापा कुठवर आला हे पाहता येते. लावलेला थर आधी हिरवट पिवळा असतो, उन्हात तो निळसर होतो, मग राखाडी होतो, आणि गडद भागांवर काशाच्या भांड्यासारखी फिकट झाक चढली की चौकट सावलीत न्यायची. मे महिन्यात भर दुपारी याला सहा-सात मिनिटे लागतात, डिसेंबरात वीस-पंचवीस. आकाशात एखादा ढगाचा पुंजका आला की सगळे गणित विस्कटते. घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, झाकेवर ठेवायचा, हे आबांकडून शिकलेले इथे उपयोगी पडले.

आता कोरड्या हवेविषयी थोडे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कागद पापडासारखा कडक वाळतो. ब्रश फिरवता फिरवताच रसायन सुकते, मग पट्ट्या पडतात आणि त्या छाप्यात जशाच्या तशा उमटतात. शिवाय इतक्या कोरड्या कागदावर रंग खोलवर धरत नाही, सावल्या फिक्या राहतात. पहिल्या वर्षी मी याचे खापर ब्रशवर फोडले आणि चार महागडे ब्रश घेतले. दुसऱ्या वर्षी एकदा दुपारी उकाड्याने हैराण होऊन कागदांची चवड घेऊन मी कूलरच्या खोलीत येऊन बसलो, तिथेच चार कागदांना थर लावला, आणि ते चारही छापे आधीच्या महिन्याभरातल्या कोणत्याही छाप्यापेक्षा दाट निघाले. कूलरच्या वाळ्यातून येणाऱ्या दमट हवेने कागदाला हवी तेवढी ओल दिली होती. तेव्हापासून कूलर माझ्या साहित्याच्या यादीत आहे. कागद तासभर त्याच्या समोर, पण थेट झोतात नव्हे, टांगून ठेवायचा आणि मग थर लावायचा. पावसाळ्यात याच्या उलट होते. कागद ओल धरतो, निगेटिव्हला चिकटतो आणि दोन्ही वाया जातात. म्हणून जून ते सप्टेंबर मी छपाई बंद ठेवतो.

हवेपेक्षा पाण्याने मला अधिक रडवले. प्रशियन ब्लू आम्लात सुखी असतो, क्षाराशी त्याचे जमत नाही. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की वरण शिजायला एक शिट्टी जास्त लागते आणि तांब्याभांड्यांवर पांढरा थर बसतो. त्या पाण्यात तासभर धुतलेल्या छाप्यातला निळा डोळ्यांदेखत विटत असे. उपाय अगदी घरगुती निघाला. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूफुले (सायट्रिक आम्ल) टाकायची, नंतर थोडा वेळच साधे पाणी, आणि शेवटचे पाणी पावसाचे. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी मी दोन मोठ्या पिंपांत साठवून ठेवतो, ते पुढच्या पावसापर्यंत पुरवावे लागते. कागदाचेही तसेच. ज्या कागदात टिकाऊपणासाठी खडूची भुकटी मिसळलेली असते तो इतर कामांना उत्तम, पण या कामाला मारक. म्हणून मी निव्वळ कापसाचा, खडू नसलेला कागद वापरतो. कापूस आमच्या शेतातून जातो आणि कागद होऊन दुरून परत येतो, याची गंमत वाटते.

क्षाराचे हेच वैर मुद्दाम वापरताही येते. निळा छापा धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात बुडवला की तो फिका पिवळा पडतो, चित्र जवळजवळ नाहीसे होते. मग तो हिरड्याच्या काढ्यात किंवा कडक उकळलेल्या काळ्या चहात घातला की टॅनिन आणि लोह एकत्र येऊन चित्र तपकिरी-काळे होऊन परत येते. जुन्या काळी हिरड्यापासून शाई करत ती याच न्यायाने. दादर जातीच्या ज्वारीची कणसे थेट कागदावर ठेवून मी काही छापे काढले होते, ते निळे अगदीच परके दिसत. हिरड्याच्या काढ्यातून काढल्यावर त्यांना कडब्याचा रंग आला. आमच्या स्वयंपाकघरातले एक पातेले या कामी कायमचे गेले आहे आणि त्याबद्दल सौभाग्यवतींचे मत इथे लिहिण्यासारखे नाही.

निळ्याच्या पलीकडे जायचे तर मिठाचा छापा. हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३० च्या दशकात शोधलेली ही पद्धत कागदावरच्या छायाचित्रणाचे मूळ आहे. कागदाला आधी मिठाचे २ टक्क्यांचे पाणी आणि आरारूटची पातळ खळ द्यायची, वाळवायचा, मग मंद दिव्यात त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे १२ टक्क्यांचे द्रावण पसरायचे. उन्हात चित्र आपोआप तपकिरी उमटत जाते. ते हवे त्याहून गडद होऊ द्यावे लागते, कारण हायपोच्या, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनाच्या, पाण्यात ते उतरते. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे याच हर्शेल यांनी १८१९ साली शोधले होते. अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली तेही वर्ष १८१९. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला हा योग आवडतो.

सिल्व्हर नायट्रेटच्या वजनात जवळपास ६३ टक्के चांदी असते. त्यामुळे जळगावच्या सराफ बाजारातला चांदीचा भाव मी एखाद्या व्यापाऱ्यासारखा रोज पाहतो आणि भाव चढले की निळ्याकडे वळतो. हे रसायन कातडीवर पडले तर डाग काळा पडतो आणि आठवडाभर निघत नाही. मतदानाच्या शाईतही हाच पदार्थ असतो. हातमोजे घालायचा कंटाळा केल्यामुळे एका निवडणुकीत माझी पाचही बोटे काळी होती आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना माझे म्हणणे पटवून द्यायला बराच वेळ लागला.

अजिंठा आमच्यापासून ६० किलोमीटरवर. तिथली चित्रे उतरवून घेण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल या मद्रास सैन्यातल्या अधिकाऱ्याची १८४४ साली नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या कापडांवर भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या १८६६ च्या आगीत जळून गेल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळले होते, आणि लेण्यांची त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली होती. ती टिकली, कारण त्यांच्या प्रती अनेक होत्या. १८७९ साली गिल वारले आणि भुसावळला त्यांना पुरले. मी त्या थडग्यापाशी दोनदा जाऊन आलो आहे. गिल आणि इथलीच तरुणी पारो यांच्या प्रेमाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. या माणसाने इथल्या उकाड्यात, इथल्या पाण्यात काचा आणि कागद कसे धुतले असतील, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर मला पडतो. त्या काळची ओल्या काचेची पद्धत अशी होती की थर ओला असेतोवर फोटो घेऊन काच धुवून काढावी लागे. एप्रिलात इथे तो थर किती मिनिटे ओला राहिला असेल, याचा अंदाज माझ्याइतका फार थोड्यांना येईल.

व्यवसायाबद्दलही लोक विचारतात. या कामावर घर चालत नाही, घर लग्नांवर चालते. रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागांची बारा छायाचित्रांची एक मालिका मी निळ्यात छापली. प्रत्येक चित्राच्या बाराच प्रती काढायच्या, खालच्या समासात पेन्सिलीने क्रमांक आणि सही करायची, बारा झाल्या की निगेटिव्ह फाडून टाकायचे, हा माझा नियम. मुंबईतल्या एका कलादालनात त्यांतले काही लागले आणि पाच विकलेही गेले. दीड वर्षाने एका ग्राहकाचा फोन आला की चित्र पुसट झाले आहे, पैसे परत हवेत. मी चित्र मागवून घेतले. ते खिडकीसमोर टांगलेले असणार हे पाहताच कळले. सायनोटाइप सतत उजेडात राहिला तर फिका होतो, पण काळोखात हवा लागली की बराचसा रंग परत धरतो. मी ते चित्र आठ दिवस कपाटात ठेवले, आधी आणि नंतरचे फोटो काढून ग्राहकाला पाठवले आणि चित्र परत धाडले. त्यांचा विश्वास बसला नाही, मी नवीन प्रत छापून पाठवली असेच ते समजतात. प्रतीवरचा क्रमांक पाहा म्हटले, तर तो काय तुम्हीच घातला आहे म्हणाले. आता चित्रासोबत कुठे टांगावे याची सूचना लिहून देतो.

त्या मालिकेतले नववे चित्र अजून अपुरे आहे. वादळाने आडव्या पडलेल्या बागेचे ते चित्र आहे, त्यात खालच्या चिखलाची छटा पकडणे अवघड जाते. बारापैकी सात प्रती मनासारख्या उतरल्या. आठवी काल दुपारी उन्हात ठेवली आणि चौथ्याच मिनिटाला पश्चिमेकडून ढग चढून आले. तेवढ्या उजेडावर काढून धुतली तर चिखल सपाट, नुसता निळा. ती फाडली. पिंपातले पाणीही तळाला गेले आहे. उरलेल्या पाच आता दिवाळीनंतर.